संगणक स्वस्त झाले म्हणून आपले कारखाने बुडाले? एका सोयीस्कर कथेची उलटतपासणी

१/
२०१३ हे एकच वर्ष समोर ठेवा. त्या वर्षी साक्री तालुक्यातील शिवाजीनगरच्या माळावर महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये चीनमधील सनटेक या कंपनीचा वुशी येथील मुख्य उद्योग दिवाळखोरीत निघाला. काही काळापूर्वी तीच जगातील सर्वांत मोठी सौर पॅनेल उत्पादक होती. त्याच वर्षी एचसीएल आणि विप्रो या दोन भारतीय कंपन्यांनी संगणक बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. आणि त्याच वर्षी लेनोव्हो ही चिनी कंपनी वैयक्तिक संगणकांच्या विक्रीत जगात पहिली आली.

२/
या चारही घटनांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : सिलिकॉनपासून बनणाऱ्या वस्तूंची वर्षानुवर्षे घसरत जाणारी किंमत. तीच घसरण एका कारखान्याला बुडवते, दुसऱ्याला जगात पहिला करते आणि आमच्या माळावर वीज पिकवते. म्हणून आजच्या धाग्याचा प्रश्न असा : वस्तू सतत स्वस्त होत असताना तिचा उत्पादक वाढत राहू शकतो का? आणि शकत असेल, तर आपले उत्पादक का वाढले नाहीत?

३/
या प्रश्नाचे एक तयार उत्तर आपल्याकडे बरीच वर्षे फिरते आहे. ‘संगणक स्वस्त होत गेले, नफा उरला नाही, म्हणून भारतीय संगणक कंपन्या संपल्या. यात कोणाचाच दोष नाही. बरे झाले, आपण वेळीच सॉफ्टवेअरकडे वळलो.’ हे उत्तर मला मान्य नाही. माणसांनी घेतलेल्या निर्णयांना ते निसर्गनियमाचा मुखवटा चढवते. दुष्काळ पडला, पीक गेले, इतक्या सहजपणे ते एका उद्योगाचा मृत्यू सांगून मोकळे होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा मुखवट्यांपासून चार हात दूर राहावे.

४/
सुरुवात घरापासून करतो. २००१ साली एमकेसीएलची स्थापना झाली, त्यानंतर ‘एमएस-सीआयटी’ गावोगावी पोहोचली आणि साक्रीसारख्या तालुक्याच्या गावीही संगणकाचे वर्ग भरू लागले. चपला बाहेर, संगणकावर पांढरे कापड, एका यंत्रासमोर तिघे जण. आमच्याकडे एका नामांकित कंपनीचा संगणक होता. तो बंद पडला तेव्हा सुटा भाग येण्याची वाट पाहत महिनोन्‌महिने कापडाखालीच राहिला. शेजारचा बिननावाचा संगणक मात्र धुळ्याच्या एका दुकानदाराने एका संध्याकाळी दुरुस्त करून दिला.

५/
तो दुकानदार ‘असेंबल्ड’ संगणक विकत असे. आधी गिऱ्हाइकाकडून आगाऊ रक्कम घ्यायची, रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचे, लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड, मेमरी, हार्ड डिस्क आणायची आणि दुसऱ्या दिवशी जोडून द्यायची. दुकानात माल पडून नाही, म्हणून पुढच्या महिन्यात भाव उतरले तरी नुकसान नाही. उलट भाव उतरले की गिऱ्हाईक वाढे. अमेरिकेत मायकेल डेल याने १९८४ पासून ज्या पद्धतीवर साम्राज्य उभारले, तिचे मर्म हेच होते : आधी मागणी, मग जोडणी.

६/
म्हणजे घसरत्या किमतीत वाढणारा पहिला माणूस मला धुळ्यातच भेटला होता. पण ती वाढ टिकली नाही. लॅपटॉप आले; त्यांचे भाग दुकानात जोडता येत नव्हते. मग मोबाइल आले. दुकानदार हुशार होता, प्रामाणिक होता, कष्टाळू होता. त्याच्या हातून हजारो भाग गेले, पण त्यांपैकी एकाही भागाची किंमत त्याच्या हाताने उतरलेली नव्हती. ती कोठेतरी दूर उतरत होती आणि तो तिचा लाभार्थी होता. या धाग्याचा सारा युक्तिवाद याच फरकावर उभा आहे.

७/
आता थोडे गणित. समजा, ५०,००० रुपयांच्या संगणकावर जोडणाऱ्याला दहा टक्के, म्हणजे ५,००० रुपये सुटतात. काही वर्षांत तोच संगणक २५,००० रुपयांना मिळू लागला. टक्केवारी तीच राहिली तरी आता २,५०० रुपयेच सुटतात. एवढ्या काळात दुकानाचे भाडे आणि कामगारांचे पगार दुप्पट झाले, तर पूर्वीइतकेच पोट भरायला चौपट संगणक विकले पाहिजेत. फक्त जोडणाऱ्यासाठी घसरण ही धावत्या पट्ट्यावरची शर्यत असते. थांबला की मागे गेला.

८/
आता जो स्वतः भाग घडवतो त्याचे गणित पाहा. त्याने आपली पद्धत सुधारली आणि खर्च बाजारभावाच्या आधी निम्म्यावर आणला. मग तो स्वतःच भाव उतरवतो. प्रतिस्पर्ध्याला तोटा होतो, याला होत नाही. भाव उतरल्याने गिऱ्हाईक वाढते, गिऱ्हाईक वाढल्याने उत्पादन वाढते, उत्पादन वाढल्याने खर्च आणखी उतरतो. घसरण तीच, एकासाठी ती कडा आहे, दुसऱ्यासाठी शिडी. म्हणून ‘किंमत घसरली का?’ या प्रश्नापेक्षा ‘घसरण कोणाच्या मालकीची होती?’ हा प्रश्न इतिहासकाराला अधिक उपयोगी पडतो.

९/
हा नियम संगणकाहून जुना आहे. १९३६ साली थिओडोर राइट या अमेरिकन विमान अभियंत्याने दाखवून दिले की, विमानांची एकूण उत्पादित संख्या दुप्पट झाली की एका विमानामागचे श्रम सुमारे २० टक्क्यांनी घटतात. काळ नुसता उलटल्याने खर्च उतरत नाही. हात सरावल्याने उतरतो. ज्याने अधिक नग घडवले, तो अधिक शिकला. ही अट नीट लक्षात ठेवा. भारताच्या कथेत तिचे काय झाले ते पुढे येणारच आहे.

१०/
१९६५ साली गॉर्डन मूर यांनी प्रसिद्ध भाकीत केले : एका चिपवरील घटकांची संख्या दर वर्षी दुप्पट होईल. पुढे १९७५ मध्ये त्यांनी हा कालावधी दोन वर्षांचा केला. आपण मूर यांना वेगाचे आणि आकाराचे भविष्यवेत्ते समजतो. मूळ लेखाचा कणा मात्र खर्चाचा होता. प्रत्येक घटकामागचा खर्च सर्वांत कमी कोठे येतो, याचे ते विवेचन आहे. संगणक उद्योगाने घसरती किंमत संकट म्हणून सोसली नाही. पहिल्या दिवसापासून ती योजना म्हणून आखली.

११/
या योजनेचा पहिला मोठा बळी पाहू. बोमार ही अमेरिकन कंपनी १९७१ पासून खिशात मावणारी गणकयंत्रे विकत होती. यंत्रे धडाक्याने खपली. त्यांची मुख्य चिप मात्र टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या दुसऱ्या कंपनीकडून येत असे. १९७२ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने स्वतःचीच गणकयंत्रे बाजारात आणली. चिप घडवणारा आता स्पर्धक झाला होता आणि भाव कोठवर उतरवायचा हे तोच ठरवणार होता. १९७५ साली बोमार दिवाळखोरीत गेली. गणकयंत्रांची मागणी तेव्हाही वाढतच होती, हे विसरू नका.

१२/
याच लढाईत कमोडोर कंपनीचा जॅक ट्रॅमिएल होरपळला, पण तो धडा शिकला. १९७६ साली त्याने मॉस टेक्नॉलॉजी हा चिपचा कारखानाच विकत घेतला. ६५०२ हा गाजलेला स्वस्त प्रोसेसर याच कारखान्याचा. अॅपल-२ मध्येही तोच होता. १९८२ साली कमोडोर-६४ हा घरगुती संगणक ५९५ डॉलरना बाजारात आला आणि वर्षभरात त्याचा भाव २०० डॉलरच्या आसपास आणला गेला. १९८३च्या ऑक्टोबरमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घरगुती संगणकाच्या बाजारातून माघार घेतली. शिकारी आणि सावज यांची अदलाबदल झाली होती.

१३/
मग कमोडोर अमर झाली का? नाही. १९९४ साली तीही दिवाळखोरीत गेली. आपल्या चिपांच्या बळावर मिळवलेली आघाडी तिने पुढच्या पिढीच्या घडणीत पुरेशी ओतली नाही. म्हणजे घसरणीची मालकी वंशपरंपरेने मिळणारी जहागिरी नसते. दर दोन-तीन वर्षांनी ती नव्याने कमवावी लागते. माझा दावा इतकाच आहे की ती कमावता येते. ‘स्वस्ताईत कोणीच टिकत नाही’ हे विधान इतिहासाला धरून नाही.

१४/
सर्वांत बोलके उदाहरण सॅमसंगचे. १९८३ साली या कोरियन कंपनीने मेमरी चिपच्या धंद्यात उडी घेतली. सुरुवातीचे तंत्र तिने अमेरिकेच्या मायक्रॉन कंपनीकडून परवान्याने घेतले. दोनच वर्षांत मेमरीचे भाव कोसळले. १९७० साली बाजारात मेमरी चिप आणणाऱ्या खुद्द इंटेलने १९८५ साली त्या व्यवसायातून अंग काढून घेतले. सॅमसंगने तोटा सोसला आणि नवे कारखाने उभारणे चालूच ठेवले. १९९०च्या दशकाच्या आरंभी ती मेमरीत जगात पहिली होती.

१५/
येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. इंटेलने माघार घेतली म्हणून ती बुडाली नाही. तिने प्रोसेसर हा दुसरा गड निवडला आणि तेथे घसरणीची सूत्रे हाती घेतली. आपल्याकडे ‘इंटेलनेही सोडलेच की’ असा दाखला देणारे हा उत्तरार्ध गाळतात. एक वस्तू सोडून दुसरी घडवणे वेगळे. घडवणेच सोडून देणे वेगळे. पहिल्याला डावपेच म्हणतात. दुसऱ्याला काय म्हणायचे ते तुम्हीच ठरवा.

१६/
आता आपल्याकडे येऊ. १९७६ साली तीन कंपन्या जन्मल्या : अमेरिकेत अॅपल, तैवानमध्ये मल्टिटेक (पुढची एसर) आणि भारतात एचसीएल. एचसीएलने १९७८च्या सुमारास स्वतःचा सूक्ष्मसंगणक बाजारात आणला. म्हणजे आपण शर्यतीत उशिरा उतरलो, हे खरे नाही. त्याही आधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित केला होता. बुद्धी होती, हात होते, आरंभही वेळेवर होता.

१७/
मग अडले कोठे? १९७३च्या ‘फेरा’ कायद्यानुसार परकीय भागभांडवलावर मर्यादा आल्या आणि १९७८ साली आयबीएम भारतातून निघून गेली. देशी कंपन्यांना मैदान मोकळे मिळाले. परंतु ते परवाना राज्य होते. किती नग बनवायचे याची सीमा सरकारी कागद ठरवत असे. आता राइटचा नियम आठवा : खर्च उतरायचा तर संख्या वाढली पाहिजे. शिडीची पहिली पायरीच आपण काढून ठेवली. बाजार राखीव, संख्या थोडी, किंमत चढी. अशा बंद खोलीत नफा होतो, सराव होत नाही.

१८/
नोव्हेंबर १९८४च्या संगणक धोरणाने दार उघडले. परवाने सैल झाले, सुटे भाग आणणे सोपे झाले, किमती उतरल्या आणि विक्री वाढली. ही वाढ खरी होती, पण तिची जात पाहा. बाहेरून सुट्या भागांचे संच येत, येथे ते जोडले जात, वर नाव लावले जाई. मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर संकुलात १९८४ पासून चिपचे उत्पादन सुरू झाले होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये तेथे भीषण आग लागली. सॅमसंग ज्या वर्षांत तोट्यातही कारखाने बांधत होती, त्याच वर्षांत आपला एकमेव मोठा कारखाना राखेतून उभा राहण्याची वाट पाहत होता.

१९/
१९९७ साली भारत माहिती तंत्रज्ञान वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय कराराला जोडला गेला आणि २००५ पर्यंत संगणक व त्याचे बरेच भाग यांवरील आयात शुल्क शून्यावर आले. कुंपण गेले. मुंबईत १९८० साली राज सराफ यांनी स्थापन केलेली आणि गोव्यात कारखाना असलेली झेनिथ कॉम्प्युटर्स ही आपल्या बाजूची ठळक कंपनी. स्वस्त संगणकासाठी मध्यमवर्गीय मराठी घरांना हे नाव परिचित होते. पुढच्या दशकात तीही बाजारातून दिसेनाशी झाली.

२०/
या कंपन्यांवर हसणे सोपे आहे. मी ते करणार नाही. एका बाजूने लॅमिंग्टन रोडवरचा बिननावाचा संगणक, दुसऱ्या बाजूने जगभर एकाच साच्याचा माल विकणाऱ्या बड्या कंपन्या. प्रोसेसर इंटेलचा, प्रणाली मायक्रोसॉफ्टची, मेमरी कोरियाची, मदरबोर्ड तैवानचा. डब्यावरचे नाव तेवढे आपले. धुळ्याच्या दुकानदाराची आणि या कंपन्यांची अवस्था तत्त्वतः एकच होती. फरक भाड्याचा आणि पगाराच्या यादीचा होता. दोघेही दुसऱ्याच्या घसरणीवर जगत होते.

२१/
महाराष्ट्रात याच काळात एक उलटा दाखलाही घडला. अमेरिकेने मोठा क्रे महासंगणक देण्यास नकार दिल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तीन वर्षांत, १९९१ साली, ‘परम ८०००’ उभा राहिला. त्याचे प्रोसेसर ब्रिटिश बनावटीचे, विकत आणलेले होते. मग आपले काय होते? स्वस्त होत चाललेले अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपून त्यांच्याकडून एक मोठे काम करून घेण्याची रचना आणि त्यासाठीच्या आज्ञावली. घसरत्या किमतीला शत्रू न मानता बैल मानले की काय होते, याचा हा धडा होता.

२२/
उलट, सेमूर क्रे यांची महागडे, खास घडवलेले महासंगणक बनवणारी अखेरची मोठी कंपनी १९९५ साली दिवाळखोरीत गेली. स्वस्त चिपांच्या झुंडीने तिला गाठले होते. पुण्याने वारा ओळखला होता. मात्र परमचे नग मोजकेच बनले. तो राष्ट्राचा सन्मान ठरला, उद्योग ठरला नाही. राइटची संख्येची अट येथेही अपुरीच राहिली.

२३/
आणखी एक विसरलेली वस्तू म्हणजे सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड. आयआयटी कानपूरमधील कामातून आलेले हे कार्ड संगणकात बसवले की डॉसच्या जमान्यात पडद्यावर देवनागरी उमटत असे. प्रोसेसर जलद आणि स्वस्त झाले तसे हेच काम सॉफ्टवेअर करू लागले आणि पुढे युनिकोडने कार्डाची गरजच संपवली. येथे घसरणीने एक हार्डवेअर खरोखरच गिळले. पण ज्ञान गिळले गेले नाही. भारतीय लिप्यांचे ते काम पुढे सॉफ्टवेअरच्या रूपाने चालूच राहिले. वस्तू मेली तरी चालते. शिकलेला हात जिवंत हवा.

२४/
आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत बळकट : ‘लेनोव्हो तरी प्रोसेसर कोठे घडवत होती? मग ती कशी वाढली?’ प्रश्न रास्त आहे. मालकी केवळ चिपचीच असते असे नाही. ती भागाची असेल, सॅमसंगसारखी. घडवण्याच्या प्रक्रियेची असेल, तैवानच्या टीएसएमसीसारखी. किंवा रचना, कारखाने आणि प्रचंड संख्या यांची असेल. लेनोव्होने २००५ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणकांचा विभाग घेतला, तेव्हा थिंकपॅडचे नाव आणि ते घडवणारे अभियंतेही घेतले. शिवाय तिच्या पाठीशी चीनची विराट घरची बाजारपेठ होती. खर्च उतरवणारे एक तरी सूत्र स्वतःच्या मुठीत असावे लागते. आपल्या कंपन्यांच्या मुठीत कोणते होते?

२५/
दुसरा आक्षेप : ‘दोष सरकारचा, कंपन्या काय करणार?’ अर्धे मान्य. आधी संख्येवर बेडी, मग एका दशकात शुल्क शून्य. शिकवणी न देता थेट परीक्षेला बसवल्यासारखे झाले. पण १९८४ ते २००५ ही एकवीस वर्षेही होती. विक्री वाढत असताना एखाद्या तरी भागात, पडद्यात, वीजपुरवठ्याच्या संचात, मदरबोर्डच्या रचनेत, जागतिक प्रमाणावर पाय रोवण्याचा ध्यास किती जणांनी घेतला? सॉफ्टवेअर आणि सेवांत नफा अधिक सोपा होता, भांडवल तिकडे गेले. तो निर्णय होता. कदाचित भागधारकांसाठी शहाणपणाचाही. पण त्याला ‘नाइलाज’ म्हणू नका.

२६/
तिसरा आक्षेप मोझर बेअरचा, आणि तो मला स्वतःलाच छळतो. या भारतीय कंपनीने १९८८ मध्ये फ्लॉपी, १९९९ मध्ये सीडी बनवायला घेतल्या आणि भाव कोसळत असताना ती जगातील अग्रगण्य डिस्क उत्पादकांत गणली गेली. २८ रुपयांना मिळणारी तिची चित्रपटांची सीडी अनेकांना आठवत असेल. म्हणजे घसरणीवर स्वार होणारी भारतीय कंपनी होती! मग पेन ड्राइव्ह आणि इंटरनेट आले, डिस्कची मागणीच आटली. तिने सौर पॅनेलकडे मोहरा वळवला. तेथे तिच्यापेक्षा कितीतरी मोठ्या चिनी कारखान्यांशी गाठ पडली, कर्ज वाढले आणि २०१८ साली ती अवसायनात निघाली.

२७/
यातून माझ्या दाव्याची मर्यादा स्पष्ट होते. घसरण तेव्हाच तारते, जेव्हा स्वस्ताईने नवे गिऱ्हाईक येत असते. मागणीचे तळे भरले, की भाव आणि संख्या दोन्ही उतरतात. जगातील वैयक्तिक संगणकांची विक्री २०११च्या सुमारास शिखरावर पोहोचली आणि मग उतरू लागली. एचसीएल व विप्रो यांनी २०१३ मध्ये दार लावले ते याच उतारावर. पण त्याच उतारावर लेनोव्हो पहिली आली. उतार सर्वांना सारखाच होता. पायांतली वहाण वेगळी होती.

२८/
स्वस्ताईचा एक खोटा मार्गही आपण चोखाळून पाहिला. ऑक्टोबर २०११ मध्ये ‘आकाश’ टॅब्लेट वाजतगाजत आले. सरकारी खरेदीचा दर २,२७६ रुपये. येथे किंमत कारखान्याने उतरवली नव्हती, निविदेने उतरवली होती. परिणाम विद्यार्थ्यांच्या हातात होता : मंद प्रोसेसर, जोराने दाबावा लागणारा पडदा. आधी किंमत जाहीर करून मग तिच्यात बसेल ती वस्तू शोधणे, हे राइटच्या नियमाच्या नेमके उलटे आहे. सरावाने आलेली स्वस्ताई वस्तू सुधारते. हुकमाने आलेली स्वस्ताई वस्तू खरवडते.

२९/
हे सारे आज का उकरायचे? कारण डाव पुन्हा मांडला गेला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ज्या मायक्रॉनकडून सॅमसंगने १९८३ साली तंत्र घेतले, तीच मायक्रॉन २०२३ साली गुजरातेत साणंदला चिपांची जोडणी-चाचणी करणारा प्रकल्प उभारू लागली. पाहुणी तीच आहे. यजमान सॅमसंगसारखा शिकणार, की १९८४ सारखा डब्यावर नाव लावून समाधान मानणार, एवढाच प्रश्न उरतो.

३०/
म्हणून पुढच्या वेळी एखाद्या कारखान्याच्या भूमिपूजनाची बातमी वाचाल, तेव्हा गुंतवणुकीचा आकडा बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारा. पाच वर्षांनी या वस्तूची किंमत निम्मी झाली, तर तो खर्च कोणाच्या कौशल्याने उतरलेला असेल? जगाच्या तुलनेत येथे किती नग घडणार आहेत? आणि आजचा नफा उद्याच्या पिढीच्या वस्तूत किती जाणार आहे? तिन्ही उत्तरे ‘दुसरीकडे’, ‘थोडे’ आणि ‘काहीच नाही’ अशी असतील, तर ती बातमी आनंदाची असली तरी इतिहासाची नाही.

३१/
शेवटी पुन्हा आमच्या माळावर. देशातील सौर विजेचा लिलावातील दर २०१०च्या सुमारास बारा रुपये युनिटच्या आसपास होता. २०१७ मध्ये राजस्थानातील भडल्याला तो २ रुपये ४४ पैशांवर आला. ग्राहक म्हणून आपण जिंकलो. मात्र देशभर बसवलेल्या बहुतांश पॅनेलांतील सौर पेशी बाहेरून आल्या. आणि सनटेक? ती महाग सिलिकॉनच्या दीर्घ करारात अडकली, कर्जात बुडाली. पण तिच्या देशातील इतर कारखाने त्याच घसरणीवर स्वार होऊन जग व्यापून बसले. एक कंपनी मेली, शिकलेला देश उरला.

३२/
तेव्हा मूळ प्रश्नाला माझे उत्तर : होय, किमती घसरत असताना हार्डवेअरचा उत्पादक वाढू शकतो, आणि गेल्या साठ वर्षांतील बरेच मोठे उत्पादक घसरणीमुळेच वाढले. अट एकच, खर्च उतरवणारा हात स्वतःचा हवा. आपल्या संगणक कारखान्यांना स्वस्ताईने मारले नाही. दुसऱ्याने शोधलेल्या स्वस्ताईवर जगण्याची सवय त्यांना भोवली, आणि ती सवय लावण्यात सरकार, उद्योजक आणि ‘बरे झाले सुटलो’ म्हणणारे आपण सगळेच भागीदार आहोत.

३३/
असहमती असेल तर जरूर मांडा, मात्र सनावळीसह. आणि तुमच्या गावात, मग ते साक्री असो, पिंपळनेर असो वा चाळीसगाव, ‘असेंबल्ड’चे एखादे जुने दुकान आठवत असेल, तर त्या दुकानदाराशी बोला, त्याच्या जुन्या पावत्या पाहा. कोणत्या वर्षी कोणता भाग किती रुपयांना आला, याची ती अस्सल साधने आहेत. रद्दीत जाण्याआधी ती जपा. संगणकाच्या भारतीय इतिहासाचे बरेचसे दप्तर अशाच काउंटरखाली पडलेले आहे.